मोठ्या तलावात मासे नेमके कुठे शोधायचे आणि सुखरूप परत कसं यायचं?

काठावरचा

नमस्कार मंडळी, मी आजवर काठावर बसूनच गळ टाकत आलोय, छोटी तळी, नदीचे डोह वगैरे, तिथे पाण्याकडे नुसतं बघून अंदाज यायचा की मासा कुठे असेल. आता मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून एक जुनी १४ फुटी होडी घेतलीय, मागे छोटं इंजिन आहे, आणि मोठ्या तलावावर दोनदा जाऊन आलो. मोठा म्हणजे या टोकावरून ते टोक दिसत नाही एवढा. धरणाचंच पाणी आहे.

पहिल्या वेळी सहा तास फिरलो, चाळीस जागी गळ टाकला असेल, एक मासा लागला नाही. दुसऱ्या वेळी दुपारी अचानक वारा सुटला, लाटा होडीत यायला लागल्या, आणि ज्या फाट्यातून, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या तलावाच्या अरुंद भागातून, आम्ही बाहेर पडलो होतो तो फाटाच सापडेना, सगळे काठ सारखेच दिसत होते. मोबाईलची बॅटरी ८ टक्क्यांवर. काठाकाठाने यायला गेलो तर इंजिनाचा पंखा पाण्याखालच्या दगडाला घासला. दोन तासांनी कसेबसे पोचलो. मेहुण्याला पोहता येत नाही हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

तर दोन प्रश्न. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कसा, सुरुवात कुठून करायची? आणि परत यायची खात्री कशी ठेवायची? फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, अजून घेतलेला नाही.

जुना_गळ

सुखरूप आलात हे महत्त्वाचं. सुरक्षेचं बाकीचे सांगतील, मी माशांचं सांगतो पण शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतं ते बघा.

चाळीस जागी गळ टाकलात तिथेच गणित चुकलं. मोठ्या तलावातलं बहुतेक पाणी कुठल्याही एका वेळी रिकामं असतं, मासे थोड्याच जागांमध्ये जमलेले असतात, त्यामुळे जास्त फिरलं की जास्त मिळतं असं होत नाही. सगळा तलाव डोक्यातून काढून टाका. एक फाटा घ्या, एक-दोन किलोमीटरचा, तुम्ही जिथून होडी पाण्यात घालता त्याच्या जवळचाच घ्या, आणि पूर्ण हंगाम तेवढाच शिका. तो एकदा कळला ना की दुसरा फाटा अर्ध्या वेळात कळतो कारण तळ सगळीकडे त्याच भाषेत बोलतो.

शोधायचं काय, तर बदल. सपाट तळाच्या मधोमध मासा थांबत नाही, त्याला अडोसा लागतो नाहीतर कडा लागते. उथळ पाणी एकदम खोल होतं ती कडा, जमिनीचं टोक पाण्यात शिरून खाली तसंच पुढे गेलेलं असतं ती जागा, पाण्याखालचा उंचवटा, दोन उंचवट्यांमधली खिंड, पाणवनस्पती संपतात ती किनार, चिखल संपून खडक सुरू होतो ती रेषा, ओढा येऊन मिळतो तिथलं तोंड. शिकारी मासा या कडेवर खोल बाजूला उभा असतो आणि खायला उथळ बाजूला चढतो, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी उथळात बघायचं आणि ऊन चढलं की कडेच्या खाली.

धरणाचं पाणी आहे म्हणताय ते तर फार बरं. धरणाच्या पाण्याखाली जुनी नदी अजून आहे हो! तिची वाट तळाला तशीच खोदलेली असते, आणि ती वळण घेताना बाहेरच्या अंगाने जिथे सपाट जमिनीला खेटते ती जागा मी कधीच सोडत नाही. जुने रस्ते, शेतांचे बांध, दगडी भिंती, झाडांचे बुंधे, सगळं खाली आहे. मासे या बांधांच्या कडेकडेने ये-जा करतात.

हे होडीत न बसता कसं शोधायचं? पाणी सगळ्यात खाली जातं त्या दिवसांत कोरड्या पडलेल्या तळात चालत जा. बांध, बुंधे, मोठे दगड, सगळ्यांचे फोटो काढा आणि मोबाईलमध्ये जीपीएसची खूण करून ठेवा. पाणी भरलं की तुमच्याकडे अशा खुणा असतील ज्या फार कमी जणांकडे असतात. तलाव लांब असेल तर गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, त्यात जुन्या तारखांचे उपग्रह फोटो बघता येतात, पाणी कमी होतं त्या वर्षाचा फोटो शोधा, तळ उघडा दिसतो.

खोलीचा नकाशा मिळाला तर त्यातल्या रेषा बघा, रेषा दाटल्या म्हणजे उभा उतार, विरळ म्हणजे सपाट. पण एक चूक सगळे करतात. नकाशावरची खोली बहुतेक वेळा पूर्ण भरलेल्या पाण्याची असते. पाणी ४ मीटर उतरलं असेल तर नकाशातले ९ मीटर म्हणजे आज ५ मीटर, आणि नकाशात ४ मीटर खाली दाखवलेला खडक आज पाण्याच्या तोंडाशी आहे. तुमचा पंखा घासला तो बहुधा असलाच दगड असणार. आणि आता लक्षात घ्या की तो दगड म्हणजे मासे मिळायची जागा आहे! त्याची खूण केली का? नसेल तर पुढच्या वेळी हळू जाऊन करा.

वल्हं_आणि_वारा

काठावरचा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त मेहुण्याची काळजी वाटली, म्हणून आधी तेच. लाईफ जॅकेट. होडीत ठेवलेलं नाही, अंगात घातलेलं, सगळे बक्कल लावलेलं, दोघांनीही, पाण्यावर असेपर्यंत पूर्ण वेळ. पोहता येणाऱ्यानेही. पाण्यात पडल्यावर लाटांमध्ये जॅकेट चढवणं जवळजवळ अशक्य असतं, एकदा काठाजवळ उथळ पाण्यात करून बघा म्हणजे पटेल. पाणी थंड असेल, म्हणजे १५ अंशांच्या खाली, तर आणखी वाईट कारण पडल्या पडल्या माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि तोंड पाण्यात असेल तर तिथेच संपतं. फार थंड पाण्यासाठी १-१०-१ असं लक्षात ठेवतात, पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे जॅकेट नसेल तर पोहता येण्याचा उपयोग पहिल्या दहा मिनिटांपुरताच.

आता वारा. तुम्ही म्हणता अचानक सुटला, कधी कधी सुटतो तसा, पण बहुतेक वेळा तो आधीपासून असतो आणि आपल्याला दिसत नाही. वारा ज्या काठाकडून येतो त्या काठाला झाडांचा, टेकडीचा आडोसा असतो, पाणी गुळगुळीत दिसतं, आपण निघतो. जसजसं आत जाऊ तसतसं वाऱ्याला मोकळं पाणी मिळत जातं आणि लाट वाढत जाते. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतोय आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळालंय यावर ठरतं. शिवाय जाताना वारा पाठीशी असतो त्यामुळे काही जाणवत नाही, परत फिरलं की सगळं तोंडावर येतं.

म्हणून माझा नियम, सकाळी आधी वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं. म्हणजे दमल्यावर, पेट्रोल कमी असताना, परतीला वारा मदत करतो. लाटांच्या माथ्यावर इथेतिथे पांढरा फेस दिसायला लागला की गळ गुंडाळायचा. फेस सगळीकडे दिसतोय म्हणजे वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलाय, १४ फुटी होडीने तेव्हा काठाला पोचलेलं असायला हवं. निघण्याआधी अंदाज बघताना नुसता पाऊस बघू नका, तासागणिक वाऱ्याचा वेग, झोत आणि दिशा बघा.

तलावाच्या लाटांना लोक हलक्यात घेतात. लाटा आखूड आणि उभ्या असतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर तलावात १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज वादळात बुडालं, २९ माणसं होती, एकही वाचलं नाही. गोड्या पाण्यात. एवढं मोठं पाणी आपल्यासमोर नसेल पण आपली होडीही २२२ मीटरची नाही.

लाटांत सापडलातच तर दोघंही होडीच्या तळाला बसा, सामान मधोमध खाली, लाट थेट समोरून नाही आणि आडवी तर मुळीच नाही, थोडी तिरकी पुढच्या टोकावर घ्यायची, इंजिन चालू पण हळू. इंजिन बंद पडलं तर नांगर पुढच्या टोकाला बांधून टाकायचा. मागच्या बाजूला नांगर कधीही बांधू नका, इंजिनाचं वजन तिकडे, लाट वरून आत येते आणि होडी क्षणात भरते. तळ लागत नसेल तर दोरीला बादली बांधून पुढच्या टोकावरून सोडा, ती ओढ देते आणि होडीचं तोंड लाटेकडे राहतं. आणि उलटलीच तर होडीला धरून राहा. काठ जवळ वाटतो तेवढा नसतो, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी लांबून दिसते.

वाट चुकण्याबद्दल रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

सोनारवाली

फिश फाइंडर घेणार असाल तर दोन शब्द, कारण मी पहिलं वर्षभर तो चुकीचाच वाचत होते.

स्क्रीनवर जे दिसतं तो पाण्याखालचा फोटो नाही. अगदी उजव्या कडेला आहे ते आत्ताचं, डावीकडे सरकतंय ते होऊन गेलेलं. तुम्ही एका जागी थांबलात आणि खाली एकच मासा थांबला तर त्याची लांबच लांब रेघ उमटते, बघणाऱ्याला वाटतं केवढा मोठा. कमान दिसते ती मासा यंत्राच्या आवाजाच्या किरणाच्या एका कडेतून शिरून दुसरीकडून बाहेर गेला म्हणून.

दुसरं, किरण शंकूसारखा खाली पसरतो. २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर रुंद वर्तुळ बघतो, ६० अंशांचा साडेअकरा मीटर. रुंद शंकूत दिसलेला मासा होडीच्या बरोबर खाली असेलच असं नाही. तळाचा ठसा जाड आणि ठळक, त्याच्याखाली दुप्पट खोलीवर पुन्हा एक तळ दिसतोय, म्हणजे खाली खडक किंवा घट्ट जमीन. पातळ, फिकट ठसा म्हणजे गाळ. चिखल-खडकाची जी रेषा जुना_गळ म्हणाले ती अशी सापडते.

आणि उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी वाढवून बघा, मध्येच एक धूसर आडवा पट्टा दिसेल. वरचं कोमट हलकं पाणी आणि खालचं थंड जड पाणी यांच्यामधला तो थर. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे थंड पाणी खाली बसतं आणि उन्हाळाभर दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या पाण्यातला ऑक्सिजन सडणाऱ्या गाळाने संपत जातो. म्हणजे पट्टा ७ मीटरवर असेल तर १५ मीटरवर आमिष लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही, मासे पट्ट्याच्या जरा वर असतात. निम्मा तलाव इथेच बाद झाला की नाही!

एक मात्र जीव तोडून सांगते, फिश फाइंडर दगड चुकवायला वापरू नका. त्याचा सेन्सर होडीच्या मागच्या बाजूला असतो, तो जो तळ दाखवतो त्यावरून तुमची होडी आधीच गेलेली असते.

निवळ_पाणी

सोनारवालींचं पट्ट्याबद्दलचं बरोबर आहे पण ते सगळ्या तलावांना लागू नाही. हिरवट, शेवाळी, गाळाच्या पाण्यात असंच होतं. पण खोल, थंड, नितळ तलाव असेल, ज्यात सडायला फार काही नसतं, तिथे खालच्या पाण्यातही ऑक्सिजन टिकतो आणि थंडी आवडणारे मासे उन्हाळ्यात मुद्दाम पट्ट्याच्या खाली जातात. म्हणून आधी आपलं पाणी बघा. पांढरी थाळी दोरीने सोडा, किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजा, पाण्याचा स्वभाव बराच कळतो.

थंडीच्या तोंडावर वरचं पाणी गार होऊन खाली बसायला लागलं की सगळं ढवळून निघतं, तेव्हा काही दिवस पट्टा वगैरे काही राहत नाही आणि मासे सगळीकडे विखुरतात. त्या दिवसांत काही लागलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

काठावरचा

मंडळी, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं. जॅकेटं आजच आणली, मेहुण्याने घरातच घालून बघितलं.

फिश फाइंडर यावर्षी होणार नाही. त्याशिवाय खोली मोजायला काही आहे का? आणि वाऱ्याबद्दल एक, मी असं ऐकलंय की वारा ज्या काठावर थडकतो तिकडे मासे जास्त असतात, मग आडोशाला जायचं की वाऱ्याकडे?

जुना_गळ

खोलीसाठी दोरी आणि वजन. जहाजवाले शेकडो वर्षं तेच करायचे. न ताणणारी दोरी घ्या, दर मीटरला गाठ, पाचव्या मीटरला रंगीत चिंधी, खाली जड वजन. वजनाच्या बुडाला ओला साबण थापा, वर ओढलं की साबणाला वाळू चिकटलेली असेल, चिखल असेल, नाहीतर काहीच नसेल म्हणजे खडक. एका सकाळी वल्हं मारत एका फाट्याची तीस-चाळीस मापं घेतली आणि वहीत उतरवली की तो फाटा तुमचा. यंत्र असूनही मी अजून नव्या जागी हे करतो, हाताला तळ कळतो तो स्क्रीनवर कळत नाही.

वाऱ्याचं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. एकाच दिशेने बरेच तास वारा वाहिला की पृष्ठभागाचं पाणी त्या काठाकडे ढकललं जातं, त्याबरोबर बारीक जीव जातात, त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. पाणी गढूळतं, उजेड कमी आत जातो, मोठा मासा बिनधास्त उथळात येतो. पण तोच काठ होडी फोडणारा काठ आहे. इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला थेट दगडांवर नेऊन आपटणार. म्हणून मंद वारा असेल तेव्हाच तिकडे, तेही काठापासून लांब राहून, आडव्या बाजूने गळ टाकत. नाहीतर होडी आडोशाला लावा, चालत त्या काठावर जा आणि तुमची जुनी सवय आहे तशी काठावरून गळ टाका, त्यात तुम्ही आमच्यापेक्षा पुढेच असाल.

वल्हं_आणि_वारा

राहिलेलं लिहितो. फाट्यातून बाहेर पडलात की इंजिन बंद करा आणि मागे वळून बघा. परत येताना दिसणार आहे ते दृश्य हेच, जाताना समोर दिसतं ते नाही. वाट चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं की आपण मागे बघतच नाही. फाट्याच्या तोंडाचा तिथूनच एक फोटो काढा.

मग दोन खुणा एका रेषेत जुळवा. उदाहरणार्थ जवळचं एकटं झाड आणि त्याच्यामागे लांबची टेकडीची घळ. ती दोन्ही एकावर एक दिसतायत तोवर तुम्ही त्याच रेषेवर आहात, झाड डावीकडे सरकलं म्हणजे तुम्ही उजवीकडे गेलात, उजवीकडे सरकलं तर डावीकडे. अशा दोन रेषा वेगवेगळ्या दिशांच्या घेतल्या तर त्या जिथे छेदतात ती जागा पक्की. माशाची जागा लक्षात ठेवायलाही हेच, बॅटरी लागत नाही.

मोबाईलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. निघतानाच ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची नोंद, सुरू करा, आणि परत येताना त्याच ट्रॅकवरून या. ॲप सरळ रेष दाखवेल, ती रेष मध्ये खडक आहे, बुंधे आहेत, बेट आहे हे बघत नाही. ज्या वाटेने सुखरूप गेलात तीच वाट तपासलेली आहे. मोबाईल वॉटरप्रूफ पाकिटात, पॉवर बँक वेगळी, आणि एक साधं होकायंत्र खिशात. होकायंत्र मोबाईलजवळ किंवा इंजिनाजवळ धरून वाचू नका, काटा फिरतो.

पेट्रोलचे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक हात न लावता. इंजिनाची बंद करायची दोरी मनगटाला बांधा, पडलात तर होडी तुम्हाला सोडून पुढे जाणार नाही. वल्ही, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी, टॉर्च. धरणाच्या दरवाज्यांपासून आणि सांडव्यापासून लांब राहा, तिथली ओढ वरून दिसत नाही.

आणि काठावर एका माणसाला सांगून जा, कुठल्या फाट्यात, किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळेनंतर त्याने कोणाला फोन करायचा ते. नुसतं मासे धरायला जातो म्हणून सांगितलं तर शोधणार कुठे?

पहाटेची_होडी

विजेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. चमकलं आणि गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ढग १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच काठ गाठा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता आणि कार्बनचा रॉड वीज वाहतो, तो आडवा ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात परत जायचं नाही. धुकं आलं तरी तसंच, काठाला लागून थांबायचं, ते उठतं.

काठावरचा

आठ दिवसांनी कळवतोय. काल गेलो. पूर्ण वेळ एकाच फाट्यात, दीड किलोमीटरच्या बाहेर पडलोच नाही. पहिले दोन तास गळ काढलाच नाही, मी वल्हं मारत होतो आणि मेहुणा दोरी सोडून मापं सांगत होता, सदतीस मापं झाली. सगळीकडे तीन-चार मीटर, साबणाला चिखल, आणि एका टोकाच्या पुढे एकदम तीनवरून आठ, साबण कोरा! तिथून जरा लांब नांगर टाकला, पुढच्या टोकाला. पहिल्या तासात दोन मासे लागले, एक छोटा सोडून दिला.

साडेदहाला फाट्याच्या तोंडाशी फेस दिसायला लागला. मासे अजून लागत होते, मन होत नव्हतं, पण मेहुण्याने वल्हं उचललं आणि आम्ही ट्रॅक धरून परत निघालो. अकराला काठावर होतो, बाहेरचं पाणी तोवर पूर्ण पांढरं झालं होतं. आता तो पोहायला शिकायचं म्हणतोय.

तो पंखा घासलेला दगडही सापडला, पाण्याखाली फक्त हातभर आहे. खूण केली. त्याच्या खोल बाजूला किती पाणी आहे ते पुढच्या खेपेला मोजणार.

जुना_गळ

तीनवरून आठ आणि साबण कोरा, वा! त्या कडेची दिशा वहीत काढून ठेवा आणि पुढच्या वेळी ती कडा दोन्ही बाजूंना कुठपर्यंत जाते ते मोजत जा, मला वाटतं ती तुमच्या त्या दगडापर्यंत जात असेल. पाणी वर-खाली झालं की मापं बदलतील, म्हणून प्रत्येक पानावर त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहायला विसरू नका.